सुई तेवढी बदलायची

कुपीवरचा बर्फाचा पापुद्रा वितळत होता. आधी पांढरा, खरबरीत. मग कडांना ओला. आणि त्या ओलाव्यातून खाली काळ्या शाईत लिहिलेला आकडा हळूहळू वर येत गेला. करंगळीच्या पेराएवढी प्लास्टिकची कुपी, तिच्या तळाशी पिवळसर गोठलेला थेंब. अशी कुपी हातात धरून उभं राहायचं नसतं, एकदा वितळून पुन्हा गोठलेलं रक्तद्रव कामाचं राहत नाही, हे एर्सिलियानं किती विद्यार्थ्यांना ओरडून ओरडून शिकवलं होतं... तरी ती उभी होती. चिमटीत कुपी, मागे फ्रीझरचं उघडं दार, पायांवरून जमिनीलगत वाहणारी पांढरी वाफ. आकड्यामागचं नाव या इमारतीत एकट्या तिला ठाऊक होतं.

आई.

सोमवारी माणसं येऊन फ्रीझर नेणार होती. काय ठेवायचं, काय टाकायचं ते शनिवारपर्यंत ठरवा, असं वरून सांगितलं होतं, आणि सांगणाऱ्याचा आवाज इतका मऊ होता की दुखवट्याला आल्यासारखा. तसं ते दुखवट्याचंच होतं. लशीचा निकाल लागून दोन वर्षं झाली. अर्ध्या लोकांना लस, अर्ध्यांना नुसतं मीठपाणी. आणि कागदावर दोन रेषा उमटल्या त्या एकमेकींचा हात धरून शाळेत निघालेल्या जुळ्या बहिणींसारख्या. कोणती लशीची, कोणती पाण्याची, सांगितल्याशिवाय कळू नये. तिची उमेदीची सगळी वर्षं त्या दोन रेषांच्या मधल्या जागेत होती, आणि मधे जागाच नव्हती. काविळीच्या दुसऱ्या विषाणूवर, 'बी'वर, लस निघाली. पुढची पिढी सुटली. तिचा, काविळीचाच 'सी' विषाणू मात्र रूप बदलत राहिला. पकडायला गेलं की अंगरखा हातात यायचा, आतला माणूस पसार.

तिनं कुपी खोक्यात ठेवली — टाकायच्या. मग काढली आणि ठेवायच्या खोक्यात ठेवली. मग दोन्ही खोकी बंद केली आणि गाडीच्या किल्ल्या घेतल्या, कारण जेवायला रोक्कास्पीनाला पोचायचं होतं, आणि जेरार्दाआत्याला उशीर खपत नसे.

नेपल्स मागे पडलं की रस्ता चढू लागतो, आणि रोक्कास्पीनापर्यंत चढतच राहतो. नोव्हेंबर असल्यानं चेस्टनटची झाडं पिवळी पडली होती. एर्सिलियाला हा रस्ता झोपेतही येत असे. गेल्या वसंतात तर ती आठवड्यातून तीनदा यायची. मागच्या आसनावर आईची उशी, कारण आईला उजव्या कुशीवर निजता येत नसे. त्याच्याही आधी गोळ्यांचा काळ होता — तीन महिने रोज एक गोळी, आणि रक्तातला विषाणू नाहीसा! तिच्याच क्षेत्रातला चमत्कार, तिच्या लशीनं न केलेला. गल्लीतल्या बायकांनी त्या दिवशी आईला केक आणला होता. आईनं तो कापला, सगळ्यांना वाटला, आणि संध्याकाळी भांडी घासता घासता म्हणाली, "चोर गेला म्हणतेस. पण घर तर जळलंय ना?" जळलं होतंच. यकृत एकदा दगडासारखं झालं की विषाणू जाऊनही त्यात गाठ धरते. धरली.

आई गेली तेव्हा गावानं दुकानांच्या फळ्या खाली ओढल्या होत्या. महापौरासाठी कोणी ओढल्या नव्हत्या त्या.

दोन्ना मेना, म्हणजे मेनाबाई, असं गाव आईला म्हणे. डॉक्टर आठवड्यातून एकदा खालच्या गावाहून यायचा आणि चिठ्ठी लिहून जायचा. चिठ्ठीतलं औषध अंगात घालायला दोन्ना मेनाच. कोणाला लोह, कोणाला जीवनसत्त्वं, आणि जो कोणी जरा फिका दिसेल त्याला यकृताचा अर्क — त्या काळी त्याचं वेडच होतं, वासराच्या यकृताचा अर्क, शक्ती येते म्हणायचे. आईची लांबट स्टीलची डबी होती. सकाळी तिच्यात काचेची पिचकारी आणि सुया उकळायच्या, आणि मग घरोघर फिरायचं. पिचकारी एकच. सुई मात्र ती दर माणसाला बदलायची, यात तिनं कधी कसूर केली नाही. "सुई तेवढी बदलायची, ती अंगात जाते," असं ती म्हणायची. आणि औषध सोडण्याआधी दट्ट्या किंचित मागे ओढून पाहायची — सुई शिरेत तर गेली नाही ना, रक्त तर येत नाही ना. निष्काळजी बाई ते करत नाही. आई करायची. आणि त्या ओढण्यातच डोळ्यांना न दिसणारं, थेंबाच्या हजाराव्या भागाएवढं रक्त सुईतून वर काचेत जायचं, तिथे राहायचं, आणि पुढच्या घरी नव्या, स्वच्छ सुईतून खाली उतरायचं.

हे एर्सिलियाला कोणी सांगितलं नाही. तिनं शोधून काढलं — ही तिच्या आयुष्यातली एकमेव गोष्ट, जी तिनं शोधली आणि जी खरी निघाली. गावातल्या माणसांची रक्तं तपासताना, विषाणूंचा वंशवृक्ष मांडताना, सगळे एकाच फांदीवर बसलेले दिसले. त्यात शेजारचा साबातीनोकाका होता. आणि तिनं आकडा घालून गुपचूप सरकवलेली ती कुपीही त्याच फांदीवर. कोणाकडून कोणाला गेलं ते झाड सांगत नाही. झाड फक्त सांगतं की तुम्ही सगळे एका घरचे. पण गावात हात एकच होता.

आईला माहीत नव्हतं. हे वाक्य एर्सिलिया रोज म्हणे — दात घासताना, जिना चढताना, कधी मोठ्यानं. माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं, विषाणूला तेव्हा नावही नव्हतं. या एका वाक्यावर तिचा सगळा शोक उभा होता, एका पायाच्या टेबलासारखा.

गुरुवारी जेरार्दाआत्याचा फोन आला होता. सख्खी आत्या नव्हे. शेजारची, साबातीनोची बहीण. "नाताळापर्यंत हा राहत नाही," आत्या म्हणाली होती, सरळ, भाजीचा भाव सांगावा तशी. "आणि रोक्को तोरीनोहून येत नाही. बापानं पिऊन यकृत घालवलं, आता भोगू दे म्हणतो. तू शिकलेली आहेस. लहानपणी तुझ्या शेपटासारखा फिरायचा, तुझं ऐकेल. त्याला सांग की वाईनमुळे नाही झालं, ते विषाणू की काय त्यानं झालं. शनिवारी तीनला मी त्याला फोन करायला लावते. एक वाक्य बोल, बस."

एक वाक्य. आत्यानं पुढचा विचार केला नव्हता. रोक्को करील. तो लगेच विचारील, विषाणू कुठून आला? आणि रोक्कास्पीनात जन्मलेल्या माणसाला त्याचं उत्तर शोधायला दोन श्वास पुरतील. मग मुलगा बापाकडे येईल. आणि आई दुसऱ्यांदा जाईल.

सांगते, असं ती म्हणाली होती.

"आलीस? मला वाटलं वाटेत तुझं लग्नच लागलं," जेरार्दाआत्या दारातूनच म्हणाली. "कोट काढ. नको, असू दे, हा मेला शेगडीत लाकूड घालू देत नाही, गुदमरतं म्हणतो."

साबातीनो खिडकीशी बसला होता. आयुष्यभर दगड फोडून भिंती बांधलेला माणूस. हात अजून तेवढेच रुंद, पण दंड काटक्यांसारखे, डोळे पिवळे, आणि पोटात पाणी भरून ते सदऱ्याच्या बटणांशी झगडणारं.

"बघ तुझ्या काकाला," आत्या म्हणाली. "नववा लागलाय. जुळी असावीत."

"मुलगी झाली तर जेरार्दा नाव ठेवणार नाही, एवढं लिहून घे," साबातीनो म्हणाला. "एकीनंच गाव दमलंय. ये पोरी, बस. आज काय बिनमिठाचं शिजवलंय विचार. पोपच्या तोंडातूनही शिवी निघेल."

चेस्टनट आणि घेवड्याचं सूप होतं. मिठाशिवाय ते खरंच मातीसारखं लागत होतं, आणि तिघंही ते निमूट खात होती. आत्याही बिनमिठाचं खात होती, तिला कोणी मना केलं नव्हतं तरी. एर्सिलिया चमचा उचलत होती, ठेवत होती. भिंतीवरच्या फोनकडे पाहायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं, त्यामुळे तो सतत दिसत होता. मी काय म्हणणार आहे? 'रोक्को, तुझ्या बापाचा दोष नाही.' इथवर सोपं आहे. मग तो विचारील. मग मी म्हणेन... 'त्या काळी सगळीकडेच'... 'दक्षिणेत घरोघर'... मी परिषदांत हे वाक्य किती भाषांत म्हटलंय, पडद्यावर नकाशा दाखवत, हातातल्या काठीनं. नकाशावर आई नसते.

जेवण झाल्यावर आत्या कोंबड्यांना उरलंसुरलं घालायला परसात गेली. साबातीनोनं टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा करायला सुरुवात केली.

"रोक्कोला काय सांगायला बोलावलंय तुला?"

"खरं काय ते."

"कुठलं?"

बाहेर आत्या कोंबड्यांना नावं ठेवत होती. आणि मग — नंतर गाडीत बसून तिला कितीदा आठवूनही समजणार नव्हतं की तिनं ते त्याला का सांगितलं, आधी त्याला का — ती म्हणाली, "काका, तुम्हाला न्यूमोनिया झाला होता तरुणपणी. त्यानंतर इंजेक्शनं घेतली होतीत, शक्तीची."

"घेतली होती की! दोन्ना मेनाकडून, महिनाभर. यकृताचा अर्क. बैलासारखा झालो त्याच्यावर."

"त्यातून आलंय हे."

त्याचं बोट थांबलं.

"औषध खराब होतं?"

"औषध नाही. पिचकारी. आई सुई बदलायची, पिचकारी तीच असायची."

एवढंच बोलायला तिला जो वेळ लागला त्यात एका अख्ख्या ऋतूची उलटापालट झाल्यासारखं तिला वाटलं. आता तो ओरडेल. ओरडावं. टेबलावर मूठ आपटावी, तिला घराबाहेर काढावं, आत्याला हाक मारून सांगावं, ऐक, दुकानांच्या फळ्या कोणासाठी ओढल्यात ते ऐक! वसंतापासून तिला कोणी एक शब्द वावगा बोललं नव्हतं. सगळे मिठी मारायचे. ती वाट पाहत होती, हे तिला आत्ता कळलं.

"तिलाही त्यातूनच?" साबातीनोनं विचारलं.

"हो. कधीतरी बोटात सुई गेली असेल."

मग गोळा केलेले कण त्यानं तळहातावर घेतले आणि खाऊन टाकले.

"रोक्कोला हे सांगायचं नाही."

"आईसाठी म्हणत असाल तर —"

"कसली आई! माझ्यासाठी म्हणतोय." त्याच्या पिवळ्या डोळ्यांत एकाएकी जुना गवंडी उभा राहिला, कामावरच्या पोरांना झापणारा. "तू सांगितलंस तर तो येईल. येईल आणि इथे माझ्या उशाशी बसून रडेल, बिचारा बाप म्हणून. मी बिचारा नाही. मी प्यायलो. दुपारी एक बाटली, रात्री एक, आणि रविवारी कोण मोजतंय? मला आवडायची. बायको रडायची तरी प्यायलो. पोरानं तिच्या मातीला सगळ्यांसमोर मला बेवडा म्हटलं, मी त्याच्या कानाखाली वाजवली. हे माझं आहे सगळं. आता तू शहरातून येऊन सांगतेस की मी काही केलंच नाही? नुसता पालथा पडलो होतो खाटेवर, आणि कोणीतरी टोचलं?... मग एवढ्या आयुष्यात मी कुठे होतो, पोरी?"

वाईननंही नुकसान केलंच असणार, विषाणू आणि दारू मिळून लवकर नासवतात, असं ती म्हणणार होती. ते खरंही होतं. पण तिच्या लक्षात आलं की तो सांत्वन मागत नाहीये; तो त्याची मालमत्ता परत मागतोय. इतकी वर्षं तिला वाटत होतं की आपल्याजवळ एक भयंकर सत्य आहे आणि ते कोणाच्या तरी दारात नेऊन ठेवलं की खांदा हलका होईल. दार उघडून माणसानं पाहिलं होतं आणि म्हटलं होतं, हे आमचं नाही.

फोन वाजला. आत्या हात पुसत धावत आली, रिसीव्हर उचलून "हां, आहे, देते" म्हणाली आणि तिच्या हातात कोंबला.

"एर्सी?" रोक्कोचा आवाज. मागे कुठेतरी ट्रामची घंटा. आवाज जाड झाला होता, बापासारखा. "आत्या म्हणते तू काहीतरी सांगणार आहेस."

"ये, रोक्को. फार दिवस नाहीत."

"ते आत्याही सांगते. तू वेगळं काहीतरी सांगणार होतीस. वाईन नव्हती म्हणे."

साबातीनो तिच्याकडे पाहत नव्हता. खिडकीबाहेर पाहत होता, मान ताठ करून, फोटो काढून घेणाऱ्या माणसासारखी. आत्या ओठांनी, आवाज न करता, म्हणत होती: सांग. सांग.

"वाईनही होती," एर्सिलिया म्हणाली.

पलीकडून श्वास सुटल्याचा आवाज आला. तो दुःखाचा नव्हता, हे तिला लगेच ओळखू आलं.

"मग मी चुकीचं बोललो नव्हतो," रोक्को म्हणाला. आणि थोड्या वेळानं, मवाळ होऊन, "बघतो. नाताळात सुट्टी मिळते का बघतो."

रिसीव्हरबाहेर ऐकू आलेल्या त्या 'बघतो'ला तिघंही ओळखून होती. आत्यानं रिसीव्हर तिच्या हातातून घेतला, खाली ठेवला, आणि काही वेळ त्यावर हात तसाच ठेवून उभी राहिली.

"एवढं शिकवलं तुला मेनानं," ती म्हणाली. "डोळे फोडून शिकवलं. कशासाठी? एक वाक्य बोलता येईना?"

"जेरार्दा, कॉफी कर," साबातीनो म्हणाला.

"तूच कर मेल्या, पोट टेकव शेगडीला," ती म्हणाली आणि आत गेली. आत कपाटाचं दार दोनदा आपटलं. मग नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरूच राहिला, भांड्याचा आवाज न होता.

साबातीनोनं आपला रुंद, थंड हात एर्सिलियाच्या मनगटावर ठेवला. तो आता तिचं देणं लागत होता आणि ते त्याला चांगल्या शब्दांत फेडायचं होतं. तसे शब्द त्याच्यापाशी थोडे होते, तो ते शोधत होता.

"वाईट वाटून घेऊ नकोस. मेनासारखी आई कोणाला नव्हती. तुला आठवत नसेल, एवढीशी होतीस. त्या हिवाळ्यात तुलाही चालू होती इंजेक्शनं, लोहाची. मी कामावर जाताना तुमच्याकडेच यायचो, भल्या सकाळी. ती डबी चुलीवरून नुकतीच उतरलेली असायची, वाफ निघत असायची. मी पुढे व्हायचो, तर मला हातानं मागे सारायची. 'थांब साबाती, आधी माझी लेक.' रोज! एकदा मला घाई होती. म्हटलं, दोन्ना मेना, आज मला आधी टोच, ट्रक चुकेल माझा. ऐकलं नाही. तू झोपली होतीस, तुला उठवलं, तू भोकाड पसरलंस, तरी आधी तू. 'आधी माझी लेक, मग गाव.' ट्रक गेला माझा, दिवसाची मजुरी गेली." तो हसला. "अशी आई होती."

एर्सिलियाही हसली. चेहऱ्यानं ते आपणहून केलं.

पहिल्याच तपासणीच्या वेळी तिनं स्वतःचंही रक्त घातलं होतं. स्वच्छ. गल्लीतली तिच्या वयाची निम्मी माणसं त्या फांदीवर, आणि ती नाही. ज्या घरातून पिचकारी निघायची त्याच घरातली मुलगी नाही. नशीब, असं तिनं म्हटलं होतं. संशोधनात नशिबालाही एक टक्केवारी असते, ती तिनं काढलीही होती.

घरातच होती मी. डबी घरात उकळायची, मग मीच आधी — यात काय आहे? पोळी तव्यावरून उतरली की आधी आपल्या पोराच्या ताटात पडते. त्यासाठी कोणाला काही जाणावं लागत नाही. आई आईसारखी वागली. पण मला झोपेतून का उठवलं? एक माणूस दारात उभा, त्याचा ट्रक चुकतोय, आणि मूल झोपलेलं आहे. मुलाला झोपू द्यावं आणि माणसाला वाटेला लावावं. कोणीही हेच करील. झोपलेल्या मुलाला उठवून आधी... याला विषाणूचं नाव कळावं लागत नाही. एवढंच कळावं लागतं, किंवा कळूही नये, नुसतं हाताला जाणवावं, की नुकती उकळलेली पिचकारी आणि एकाला टोचून झालेली पिचकारी सारखी नाही.

किंवा तसं काहीच नव्हतं. उठवायची वेळच झाली असेल. शाळा असेल.

हे आता कशात तपासायचं? कुठल्या कुपीत हे गोठून राहिलं असेल? ज्या बाईला विचारायचं ती गेली, आणि होती तेव्हा तिनं एकदाही विचारलं नाही की हे मला कुठून झालं. ज्याच्या त्याच्या आजाराचं मूळ खणून काढणारी दोन्ना मेना. एर्सिलिया ते अज्ञान समजत आली होती. तिनं त्यावर घर बांधलं होतं.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. साबातीनोनं हात काढून घेतला नव्हता. त्याचे डोळे मिटत चालले होते, तो समाधानी दिसत होता. एर्सिलिया न हलता बसून राहिली. यकृत दुखत नाही, त्याला आतून काही जाणवत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं; आणि तरी उजव्या बरगड्यांच्या खाली तिला तिचं स्वतःचं यकृत जाणवू लागलं, निरोगी, ओलं, जड, जणू कोणीतरी दुसऱ्याच्या ताटातून उचलून तिच्या ताटात वाढलेलं; आणि ज्या आईसाठी ती वसंतापासून रडत होती तिचा चेहरा आठवायला तिनं डोळे मिटले, तर अंधारात दारात उभं राहून कोणाला तरी हातानं मागे सारणारी एक तरुण बाई दिसली, जिला ती ओळखत नव्हती, आणि जिच्याजवळ जायला तिचा पाय उचलेना, आणि जिच्यापासून दूरही जाववेना.